दोब्रोसावची टकटक

रातोमिर शापोन्यिच बेलग्रेडच्या कुठल्याही खानावळीत शिरला की आधी टेबलं वाजायची. कोपऱ्यातला एखादा ट्रकवाला बोटांची पेरं लाकडावर आपटायचा, टक टक टक. मग शेजारचं टेबल साथ द्यायचं, आणि रातोमिरचा ओव्हरकोट खुंटीला लागेपर्यंत अख्खी खानावळ ठोकत असायची. "ग-ग-ग-गाडी येतेय, मी काय क-करू?" असं कुणीतरी म्हणायचं आणि हशा पिकायचा. रातोमिर हात वर करून हसायचा, मान लववायचा, कुणीतरी पुढे केलेला राकियाचा पेला उभ्या उभ्या घशात ओतायचा. लोकांचं प्रेम होतं ते, त्यात काही खोट नव्हती. पण टेबल वाजायला लागलं की त्याच्या कानाच्या पाळ्या तापायच्या. लोक म्हणायचे, एवढा मोठा नट, पण अजून लाजतो बघा.

लाजत तर तो होताच. ती टकटक त्याची नव्हती.

ती त्याच्या थोरल्या भावाची, दोब्रोसावची होती. आरिल्येच्या वरच्या डोंगरात राविना नावाचं त्यांचं गाव. बाप जर्मनांबरोबरच्या लढाईच्या पहिल्याच पानगळीत घरातून नेला गेला तो परत आला नाही; तेव्हा रातोमिर पाळण्यातून नुकता खाली उतरलेला आणि दोब्रोसाव शाळेत जायच्या वयाचा. शाळेत तो फार काळ गेला नाही. बैल, नांगर, आलुबुखारांची बाग, सगळं त्याच्या अंगावर पडलं आणि त्यानं ते कुरकुर न करता उचललं. कुरकुर करायची तर बोलावं लागतं, आणि बोलणं दोब्रोसावला महागात पडायचं. शब्द त्याच्या जिभेच्या मुळाशी अडायचा. मग तो जवळ जे लाकूड असेल, टेबल, कुंपण, कुऱ्हाडीचा दांडा, त्याच्यावर बोटांची पेरं ठोकायचा, आणि दार उघडावं तसा शब्द बाहेर यायचा. गावाला त्याची सवय होती. दोब्रोसाव ठोकायला लागला की माणसं थांबायची, चिलीम भरून घ्यायची, आणि शब्द आला की उत्तर द्यायची.

रातोमिरला नकला करायचं अंग उपजत होतं. शरदात मक्याची कणसं सोलायला शेजारपाजार अंगणात जमला की हा ढिगावर चढून शाळामास्तर व्हायचा, पाद्री व्हायचा, नवऱ्याला शोधत येणारी गिरणीवाली व्हायचा. एकदा त्यानं टोपलीच्या काठावर बोटं ठोकली आणि दोब्रोसाव झाला. लोक हसले. आईनं, येलिसाव्कानं, हातातलं कणीस खाली ठेवलं, शांतपणे त्याच्यापर्यंत आली आणि एक कानशिलात ठेवून दिली.

"तो तुला खायला घालतो," ती एवढंच म्हणाली.

दोब्रोसाव मात्र हसत होता. "म-म-मारू नकोस गं," तो म्हणाला. "चां-चांगलं करतो."

त्यानंतर रातोमिरनं ती नक्कल पुन्हा केली नाही. अवघ्या गावाला त्यानं चिमटीत धरलं, पण भावाला हात लावला नाही. जगात एवढी एक गोष्ट करायची नाही, हे त्याला कळलेलं होतं. पुढं जे झालं त्यात त्याला सगळ्यात जास्त टोचलं ते हेच. कळत नव्हतं असं म्हणायची सोय नव्हती.

बेलग्रेडला नाट्यशाळेत जायचं म्हटल्यावर गावात लोकांनी तोंडं वाकडी केली. दोब्रोसावनं त्याच्यासाठी स्वतःचा चांगला कोट काढून दिला. पहिल्या खेपेला परीक्षकांनी त्याला डोंगरी बोलीवरून परत पाठवलं. दुसऱ्या खेपेला घेतलं. शिकून झाल्यावर राजधानीतल्या एका नाटकगृहात तो निरोप्या, तिसरा शिपाई, न्यायाधीशाचा कारकून असली कामं करू लागला. सिनेमेवाल्यांना त्याच्या पिंगट केसांचा आणि लांब हनुवटीचा एकच उपयोग सुचला. तो जर्मन सैनिक झाला. दर उन्हाळ्यात बोस्नियाच्या कुठल्यातरी दरीत पार्टिझान छापामारांच्या गोळ्या खाऊन तो मरायचा. ट्रकवरून पडून, पुलावरून, एकदा तर मधाच्या पोळ्यांच्या पेट्यांमध्ये.

असा एक सिनेमा पोझेग्याला लागला तेव्हा दोब्रोसाव बायकोला, कोसानाला, घेऊन डोंगर उतरून आला होता. परत जाताना बसमध्ये शेजारच्या बाईला तो सांगत होता, "तो प-प-पुलावरून पडला ना, तो आमचा."

"जर्मन?" बाईनं विचारलं.

"हो. आ-आमचाच."

हे कोसानानं सांगितलं तेव्हा रातोमिर पोट धरून हसला होता. तेव्हा तिघंही हसायचे.

सत्तरच्या सुमाराला त्याला दूरदर्शनच्या एका मालिकेत काम मिळालं. एका आडबाजूच्या स्टेशनाची गोष्ट; तिथं गाडी कधी थांबतच नाही. त्यात स्पासोये नावाचा फाटकवाला होता, दोन-चार वाक्यांचा. ओग्न्येन नावाचा दिग्दर्शक, चिडखोर आणि हुशार, तालमीला कंटाळून म्हणाला, "शापोन्यिच, हा माणूस कागदाचा आहे. काहीतरी दे मला. काहीही दे."

रातोमिरनं चालणं बदलून पाहिलं, आवाज चिरका करून पाहिला. ओग्न्येन घड्याळाकडे बघायला लागला. या कामातूनही आपण जाणार, पुन्हा पुलावरून पडायला जाणार, असं रातोमिरला दिसलं. आणि मग त्याचा हात आपोआप उठला आणि फाटकाच्या दांडीवर वाजला. टक टक टक. "ग-ग-ग-गाडी येतेय."

आधी दिवे धरणारा पोऱ्या हसला, मग वेशभूषेवाली बाई, मग ओग्न्येन खुर्चीतून घसरला. "हेच," डोळे पुसत तो म्हणाला. "हेच, हेच. कुठं लपवून ठेवलं होतंस? पुन्हा कर."

पहिल्यांदा हात आपोआप उठला असं रातोमिर स्वतःला पुढं बरीच वर्षं सांगत राहिला. पण ओग्न्येन "पुन्हा कर" म्हणाला तेव्हा त्याला आईची चापट आठवली होती, अगदी गालावर आठवली होती, आणि तरी त्यानं पुन्हा केलं. पहिल्यापेक्षा चांगलं केलं.

दोन-चार वाक्यांचा स्पासोये सहाव्या रविवारपर्यंत मालिकेचा राजा होऊन बसला. ल्युब्ल्यानापासून स्कोप्येपर्यंत, देशभर, माणसं टेबलं ठोकत होती. शाळांत मास्तर वैतागले. एका खासदाराच्या भाषणात कुणीतरी बाक वाजवलं आणि तो शब्द विसरला. नाटकगृहानं रातोमिरला निरोप्याच्या कामातून काढून नायकाच्या मित्राचं काम दिलं. जाहिरातीत त्याचं नाव वर सरकलं.

गावी जायला त्यानं शरद उजाडू दिला. घरच्या संताचा सण, स्लावा, चुकवता येत नाही म्हणूनच गेला. वाटेत मनाशी चार वाक्यं जुळवत होता: दोब्रो, ते तुझं नाही, कुठल्याही तोतऱ्याचं आहे. दोब्रो, लोक त्याच्यावर हसत नाहीत, प्रेम करतात.

त्यातलं एकही लागलं नाही. दोब्रोसावनं फाटकापाशी येऊन नेहमीसारखं तीनदा गालाचं चुंबन घेतलं, खांद्यावर थोपटलं, भाकरी, मीठ, दाट सायीचं कायमाक पुढं केलं. जेवताना तो काही बोलला नाही, पण तो जेवताना कधीच बोलत नसे. रातोमिरनं एक बदल मात्र टिपला: टेबलापाशी बसल्यावर दोब्रोसाव दोन्ही हात मांडीवर ठेवत होता.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. कोसाना टोपल्या भरून एकटीच निघाली.

"दोब्रो नाही येत?" रातोमिरनं विचारलं.

"त्यांचे गुडघे दुखतात," कोसाना म्हणाली.

"कधीपासून?"

"रविवारपासून."

"कुठल्या रविवारपासून, वहिनी?"

कोसानानं डोक्याचा रुमाल घट्ट बांधला. ती बोलकी बाई होती. गप्प राहायचं ठरवलं की ते दिसायचं. "तुम्हीच सांगा ना भावजी, कुठल्या. तुमचा कार्यक्रम कधीपासून लागतो ते तुम्हाला माहीत." आणि ती चालू लागली.

परतल्यावर रातोमिर ओग्न्येनकडे गेला खरा. म्हणाला, पुढच्या भागांत तोतरेपणा कमी करू या, स्पासोयेला दुसरं काही देऊ या.

"दुसरं काय?" ओग्न्येननं विचारलं. "ते काढलं तर उरतो कोण? तूच ना? तुला बघायला कोण बसणार आहे रविवारी?"

हे ऐकून रातोमिरला राग यायला हवा होता. आला नाही, कारण ते खरं वाटलं. त्यानं पुढच्या वर्षाचीही सही केली, त्याच्या पुढच्याचीही. कुणी त्याच्या डोक्याला पिस्तूल लावलेलं नव्हतं. त्याला टेबलं वाजलेली आवडत होती. कान तापायचे, आणि आवडायचंही. दोन्ही एकदमच व्हायचं, याचीच त्याला अधिक शरम वाटे.

मग रोसांदाचं लग्न ठरलं. रोसांदा ही दोब्रोसावची एकुलती एक मुलगी, लांब हनुवटीची, काकासारखीच. मुलगा चाचाकचा, यंत्रशाळेत कामाला. वराकडची मंडळी तुताऱ्या वाजवत तीन बस भरून राविन्यात आली. अंगणात ताडपत्र्या ताणल्या होत्या, कोकरं सकाळपासून आगीवर फिरत होती. चाचाकवाल्यांनी स्पासोयेला पाहिलं आणि वऱ्हाडाचा उत्सव दुप्पट झाला. नवऱ्याचा मामा, लालबुंद गळ्याचा एक दिलदार माणूस, रातोमिरच्या गळ्यात हात टाकूनच बसला. "आज आम्ही कुणाच्या घरात सोयरीक केली, पाहा तरी," असं तो सगळ्यांना सांगत होता.

मुलगी घराबाहेर पडण्याआधी बापानं उठून पेला उचलायचा आणि चार शब्द बोलायचे, ही तिथली रीत. कोसानानं आदल्या दिवशी रातोमिरला बाजूला घेऊन विचारलं होतं, "तुम्ही बोलाल का त्यांच्याऐवजी? लोक तुमचं ऐकतील." रातोमिर हो म्हणाला होता. पण दोब्रोसावनंच मान हलवली. "मा-माझी मुलगी," तो म्हणाला.

तो उठला. नवा कोट, मुठीत पेला. राविन्याची माणसं आपोआप गप्प झाली, त्यांना थांबायची सवय होती. तुतारीवाल्यांनी तुताऱ्या गुडघ्यांवर उभ्या केल्या.

"रो," दोब्रोसाव म्हणाला. "रो-रो-रो..."

शब्द अडला. त्यानं दुसरा हात मांडीशीच धरून ठेवायचा प्रयत्न केला. रातोमिर शेजारी बसला होता, त्यानं ती मूठ पाहिली. मग निरुपाय होऊन हात वर आला आणि टेबलावर वाजला. टक टक टक.

चाचाकची तीन बस माणसं एकदम फुटली.

ती दुष्ट माणसं नव्हती. त्यांना वाटलं, मुलीचा बाप भावाची नक्कल करतोय. आपल्यासाठी, पाहुण्यांसाठी, मुद्दाम. एवढा मुखदुर्बळ वाटणारा माणूस आणि असला मिश्कील. "अरे, हा तर भावापेक्षा भारी करतो," मामा डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणाला. कुणी टेबल वाजवलं, मग सगळ्यांनी वाजवलं, पेले नाचले, कोकराची हाडं ताटल्यांतून उडाली. "अजून, अजून," मागून हाका आल्या. आणि राविन्याची माणसं, ज्यांना सगळं ठाऊक होतं, तीही ओठ चावत हसली, कारण तेवढ्या हसण्यात न हसणं कठीण असतं.

दोब्रोसाव उभाच होता. तोंड अर्धं उघडं, त्यात मुलीच्या नावाचा पहिला तुकडा. तो गोंधळला होता. हे कशाला हसताहेत हे त्याला उमजायला क्षण लागला. उमजलं तेव्हा त्यानं रातोमिरकडे पाहिलं. रागानं नव्हे. वाट हरवलेला माणूस समोर येणाऱ्या पहिल्या माणसाकडे बघतो तसं.

रातोमिरनं तेव्हा उठायला हवं होतं. गप्प बसा, असं त्यानं म्हटलं असतं तर सगळे गप्प बसले असते. त्याचा आवाज त्या अंगणाच्या टोकापर्यंत सहज पोचणारा होता. पुढल्या आयुष्यात त्यानं ती जागा मनात कितीदा तरी वठवली आणि दर वेळी तो उठला. त्या दुपारी उठला नाही. हशा आणि टाळ्यांचा तो आवाज ऐकताच त्याचा चेहरा सवयीनं हसरा झाला, मान लवली, आणि हात एकमेकांवर आपटू लागले. तो टाळ्या वाजवत होता.

दोब्रोसावनं पेला ओठाला लावून खाली ठेवला आणि बसला. तुताऱ्या सुरू झाल्या.

निघताना रोसांदा सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली. काकापाशी आली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते.

"काका, तुम्ही टाळ्या वाजवल्यात," ती म्हणाली.

"रोसा, मला कळलंच नाही गं."

"बाबांना कळलं." आणि ती बसमध्ये चढली.

त्यानंतर रातोमिर गावी गेला नाही. सणाला तार पाठवायचा, रोसांदाला मूल झालं तेव्हा पाळणा पाठवला, कोसानाला शिवणयंत्र. मालिका एकदाची संपली. त्यानं विनोदी कामं घ्यायची नाहीत असं ठरवलं आणि रंगभूमीवर राजे, सेनापती, विषप्रयोगानं मरणारे काउंट केले. ती कामं बेताची झाली. गंभीर प्रवेशात तो टेबलाजवळ गेला की प्रेक्षकांत खसखस पिकायची. दिग्दर्शकांनी त्याच्या प्रवेशातली टेबलं काढून टाकली.

बऱ्याच वर्षांनी, पन्नाशीत, त्याला एका वाहिनीनं मुलाखतीला बोलावलं. दिवे होते, समोर प्रेक्षक होते, मुलाखत घेणारी बाई गोड होती. तिनं रातोमिरला स्पासोयेबद्दल विचारलं. आज बोलून टाकू, असं त्याच्या मनात आलं. त्यानं सगळं सांगितलं: भाऊ, गाव, टोपली, आईची चापट. "तो आवाज माझ्या भावाचा आहे. मी त्याला न विचारता घेतला. दोब्रो, मला माफ कर," असं तो कॅमेऱ्यात बघून म्हणाला आणि रडला. खरं रडला. प्रेक्षक उभे राहिले. बाईनं त्याचा हात हातात घेतला. घरी जाताना त्याला वाटलं, छातीवरची धोंड उतरली.

आठवड्याच्या आत एका रंगीत साप्ताहिकाची माणसं गाडी घेऊन राविन्यात पोचली. त्यांना खरा स्पासोये हवा होता. दोब्रोसाव कुंपण दुरुस्त करत होता. एकानं नम्रपणे विचारलं, "आजोबा, एकदा ठोकून दाखवता का?" फोटो छापून आला तो चेहऱ्यासमोर पंजा धरलेल्या, टोपी सटकलेल्या म्हाताऱ्याचा. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, हाच तो.

कोसानानं गावच्या टपालकचेरीतून फोन केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"भावजी," ती म्हणाली, "माफी मागायची होती ना तुम्हाला?"

"वहिनी, मी मनापासून..."

"मग इथं यायचं. अंगणात यायचं. तिकडे दिव्यात बसून कुणाची मागितलीत? टाळ्या मिळाल्या म्हणे."

रातोमिरनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आम्हाला इतकी वर्षं चाचाकवालेच तेवढे ओळखत होते. आता सगळा देश ओळखतो. चार दिवस ते गोठ्याबाहेर आले नाहीत." फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "आणखी एक सांगते, मग नाही सांगणार. तुमचा तो कार्यक्रम त्यांनी एकही चुकवला नाही. आवाज बंद करून बघायचे. मी म्हणायची, बंदच करा ना मग. तर म्हणायचे, रातोचा चेहरा दिसतो."

दुसऱ्याच दिवशी रातोमिर निघाला. जूनचा शेवट होता आणि डोंगरावर सगळीकडे रासबेरी पिकलेली. आलुबुखाराच्या बागा काढून लोकांनी आता तीच लावली होती. दोब्रोसाव रोपांच्या ओळीत कमरेला डबा बांधून तोडणी करत होता. केस पांढरे, पाठ तशीच रुंद. त्यानं भावाला पाहिलं, हातातली बेरी डब्यात टाकली आणि दुसरा डबा बोटानं दाखवला. रातोमिरनं तो कमरेला बांधला. शहरी बुटांनिशी तो ओळीच्या दुसऱ्या बाजूला उभा राहिला.

बराच वेळ दोघं तोडत राहिले. मग रातोमिर म्हणाला, "दोब्रो, मी चोर आहे."

"हळू तो-तोड," दोब्रोसाव म्हणाला. "चिरडतोयस."

"मी तुझं चोरलं आणि त्याच्यावर जगलो. त्यात लग्नात..."

"चो-चो..." दोब्रोसाव थांबला. इथं ठोकायला लाकूड नव्हतं, नुसत्या काटेरी काड्या. रातोमिर पलीकडून बघत होता, आणि त्याला आपल्या नजरेचीच लाज वाटली. कारण तो अजूनही, आत्तासुद्धा, ओठ कसे वळतात, मान कुठं कलते, हे टिपत होता. त्यानं नजर खाली वळवली. "चोरलं नाहीस," दोब्रोसाव शेवटी म्हणाला. "मा-मागितलं असतंस, तर दिलं असतं. माझ्या का-काय कामाचं होतं ते."

रातोमिरच्या मनात आलं, हा आपल्याला सोडतोय. एवढ्या सहज. पण दोब्रोसावचं संपलं नव्हतं.

"लग्नाचं वेगळं," तो म्हणाला. पुढचं वाक्य यायला वेळ लागला, एक अख्खं झुडूप रिकामं झालं. "रोसासाठी मी बो-बोलणं तयार केलं होतं. हिवाळाभर. गु-गुरांसमोर म्हणायचो. सरळ यायला लागलं होतं."

"काय होतं ते?"

दोब्रोसावनं डोकं वर केलं.

"मला सांग, दोब्रो. मी ऐकतो. आता तरी मला ऐकू दे."

"नाही," दोब्रोसाव म्हणाला. हा शब्द कुठंही अडला नाही. "ते तु-तुझ्यासाठी नव्हतं."

तो पुढच्या झुडपाकडे वळला. रातोमिर त्याच्या मागे गेला. त्याचं तोंड भाजल्यासारखं झालं होतं, आणि त्या दिवसानंतर त्यानं भावाला पुन्हा कधी ते विचारलं नाही. संध्याकाळी कोसानानं त्याच्यापुढं ताट वाढलं, एक शब्द न बोलता, पण वाढलं.

मग तो दर जूनला येऊ लागला. तोडणीला उभा राहायचा, पाठ दुखली तरी राहायचा. गावाला आधी तो दिखावा वाटला, मग सवय झाली. मधल्या वर्षांत देशाचे तुकडे झाले, दुकानं रिकामी झाली, नाटकगृहात थंडीनं प्रेक्षक कोट घालून बसू लागले, आणि जुन्या मालिका दाखवणाऱ्या वाहिन्या एकेक करून दुसऱ्याच गोष्टी दाखवायला लागल्या. रातोमिर निवृत्त झाला. त्याच्या निरोपाच्या कार्यक्रमाला रोसांदा आली नाही. पण पुढल्या उन्हाळ्यात बापाच्या ओळीत ती त्याच्या शेजारी उभी राहून तोडत होती आणि चुकीच्या डब्यात टाकल्याबद्दल त्याला बोलली, ते त्याला पुष्कळ वाटलं.

दोब्रोसावच्या पोटात दुखायला लागलं ते वयाच्या सत्तरीनंतर. कोसाना तेव्हा स्वतःच अंथरुणावर होती, म्हणून रातोमिर त्याला बसनं उझित्सेच्या दवाखान्यात घेऊन गेला. बाकावर दोघं बसले, दोघांच्या टोप्या मांडीवर. एक तरुण परिचारिका आली, छातीवर नावाची पट्टी, केस घट्ट बांधलेले. तिनं रातोमिरकडे पाहिलं, मग दोब्रोसावकडे, आणि विचारलं, "पेशंट कोण?"

तिनं रातोमिरला ओळखलं नव्हतं. नाव विचारलं, रातोमिरनं दोघांचीही सांगितली, शापोन्यिच हा शब्द जरा जोर देऊन सांगितला. तिनं मान हलवून लिहून घेतलं. तिच्यासाठी ते एक आडनाव होतं.

रातोमिरला सुटल्यासारखं वाटलं. हिला काही ठाऊक नाही. हिच्यासमोर दोब्रोसाव नुसता दोब्रोसाव आहे. आणि त्या सुटकेच्या बरोबरच, तिच्याच बोटाला धरून, दुसरं काहीतरी आलं: एक बारीकशी, किडकी रुखरुख, की पोरीनं आपल्याला ओळखलंही नाही. त्यानं ती ओळखली. सत्तरी आली, भाऊ पोट धरून बसलाय, आणि आपल्याला हे सुचतंय. त्याचे कान तापले.

दोब्रोसाव त्याच्याकडे बघत होता. त्याला ते दिसलं असावं. भावाचा चेहरा तो आयुष्यभर आवाज बंद करून बघत आला होता. "हा मा-माझा भाऊ," तो परिचारिकेला म्हणाला. "न-न-नट आहे. मोठा."

"हो का?" ती म्हणाली. "मग आजोबा, तुम्हीच सांगा ना," ती रातोमिरकडे वळली, "यांना कुठं दुखतं, कधीपासून. यांना त्रास नको."

रातोमिरनं तोंड उघडलं. मग मिटलं.

"मी सां-सांगतो," दोब्रोसाव म्हणाला.

परिचारिका खुर्ची ओढून बसली. दोब्रोसावनं शर्ट वर केला, दुखरी जागा बोटानं दाखवली आणि बोलायला सुरुवात केली. त्याला वेळ लागला. बाहेर कुणीतरी तिला हाक मारली, तिनं "येते" म्हटलं आणि बसून राहिली. रातोमिर भावाचा कोट हातात धरून भिंतीशी उभा होता आणि पायाखालच्या फरशीकडे बघत नुसता ऐकत होता.